सीप्झचं बिल आणि रशियाचं तेल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिका आणि चीन यांच्या चुरशीत भारतानं कुणाच्याही गोटात कायमचं नाव घालू नये, प्रत्येक प्रश्नावर आपला निर्णय आपण घ्यावा, असं मी गेल्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही सविस्तर आणि तिखट प्रतिक्रिया दिलीत. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचे मुद्दे आधी सांगते. स्वायत्तता हे कुंपणावर बसण्याला दिलेलं गोंडस नाव आहे. १९६२ च्या चीन युद्धात याच धोरणानं आपल्याला एकटं पाडलं आणि नेहरूंना शेवटी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्यापुढेच हात पसरावे लागले. जपान आणि दक्षिण कोरिया अमेरिकेच्या छत्राखाली गेले, सुरक्षित राहिले आणि श्रीमंतही झाले. युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा आपण मूग गिळून बसलो. उद्या चीननं तैवानवर हल्ला केला तर भारतानं काय करायचं, याचं सरळ उत्तर माझ्यासारखे लोक कधीच देत नाहीत. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत की तुमचा मुलगा अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात दागिन्यांच्या युनिटमध्ये कामाला आहे; ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेचं शुल्क ५० टक्क्यांवर गेलं आणि त्याच्याकडची एक पाळी बंद झाली. ‘तुमच्या स्वायत्ततेचं बिल माझ्या मुलानं भरलं,’ हे तुमचे शब्द.

उत्तराची सुरुवात याच वाक्यापासून करते. बाकीच्या मुद्द्यांवर आपण दोघं वर्षभर वाद घालू शकतो, पण हा मुद्दा महिन्याच्या पगाराचा आहे.

अमेरिकेनं ७ ऑगस्टला २५ टक्के शुल्क लावलं आणि २७ ऑगस्टला रशियन तेलाचं कारण देऊन आणखी २५ टक्के चढवलं. सीप्झच्या दागिन्यांचं मोठं गिऱ्हाईक अमेरिकाच, आणि ऑगस्ट-सप्टेंबर हे नाताळच्या ऑर्डरी बाहेर पडण्याचे दिवस. घाव ऐन हंगामात बसला. ज्या तेलासाठी हा दंड झाला त्याचा फायदा मात्र वेगळ्याच खात्यात जमा होत होता. २०२२ च्या आधी आपल्या कच्च्या तेलाच्या आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता, तो पुढे एक तृतीयांशाच्या घरात गेला. त्यातली सवलत रिफायनऱ्यांच्या नफ्यात आणि सरकारी तिजोरीत गेली. मुंबईत त्या सगळ्या काळात पेट्रोल शंभराच्या खाली आलं नाही. म्हणजे नफा एकाचा आणि दंड दुसऱ्याला. देशानं घेतलेल्या निर्णयाची किंमत देशानं वाटून घ्यायची असते; अंधेरीत हिरे बसवणाऱ्या पोरानं एकट्यानं नाही. निर्यातदारांना स्वस्त कर्ज दिलं की मालकाचं निभावतं, पण नगावर काम करणाऱ्या सेटरचं आणि पॉलिशवाल्याचं निभावत नाही. सवलतीच्या तेलातून जे कमावलं गेलं त्यातला ठरलेला हिस्सा अशा कामगारांच्या बुडालेल्या पगारासाठी राखून ठेवावा, हे मी स्वायत्ततेच्या धोरणाचंच अंग मानते. ते होत नसेल तर तुमचा राग रास्त आहे आणि तो दिल्लीला ऐकवायला मी तुमच्याबरोबर आहे.

पण अमेरिकेच्या गोटात असतो तर हे टळलं असतं, हा तुमचा निष्कर्ष मला पटत नाही. कॅनडा नाटोचा संस्थापक सदस्य आहे, त्याच ऑगस्टमध्ये त्याच्यावर ३५ टक्के शुल्क लागलं. व्यापार कराराखाली येणारा माल वगळला गेला, तरी दंडाची भाषा शत्रूशी करावी तशीच होती. जपानला १५ टक्क्यांवर सुटण्यासाठी ५५० अब्ज डॉलर गुंतवणुकीचा शब्द द्यावा लागला, दक्षिण कोरियाला ३५० अब्जांचा. मग वाचलं कोण? रशियाचं तेल आपल्यापेक्षा जास्त घेणारा चीन. त्या तेलासाठी त्याच्यावर असा दंड बसला नाही, कारण दुर्मिळ खनिजांची मूठ त्यानं एप्रिलमध्ये जराशी आवळून दाखवली होती आणि अमेरिकेचे कारखाने लगेच कासावीस झाले होते. आपल्याही मालातली औषधं आणि मोबाइल फोन त्या शुल्कातून सुटले, कारण ते अमेरिकेला हवे होते. गोट कुठला हे कुणी विचारलं नाही. तुमच्यावाचून कुणाचं अडतं, एवढंच पाहिलं गेलं.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे. मधल्या ताकदीचा देश किती स्वतंत्र, हे तो कुठल्या बाजूला उभा आहे यावर ठरत नाही. तो कशाला नाही म्हणू शकतो आणि नाही म्हटल्यावर किती दिवस तग धरू शकतो, यावर ठरतं. याचे दाखले मुंबईच्या आसपासच पडले आहेत.

चेंबूरहून माहुलकडे जाताना लागणाऱ्या दोन रिफायनऱ्या घ्या. १९५४-५५ मध्ये त्या सुरू झाल्या तेव्हा एक अमेरिकन स्टॅनव्हॅकची होती, जिची पुढे एस्सो झाली, आणि दुसरी बर्मा-शेलची. १९६० साली सोव्हिएत युनियननं आपल्याला स्वस्तात कच्चं तेल देऊ केलं. आपल्याकडे परकीय चलनाची चणचण, म्हणजे सोन्यासारखी संधी. पण परकीय कंपन्यांनी ते तेल आपल्या रिफायनऱ्यांत घ्यायला साफ नकार दिला. जमीन आपली, बंदर आपलं, सरकार आपलं, आणि तेल कुणाचं शुद्ध करायचं हे ठरणार लंडन-न्यूयॉर्कमध्ये. तेव्हाचे तेलमंत्री केशवदेव मालवीय यांनी हे मनाला लावून घेतलं. रुमानियाच्या मदतीनं आसामात नूनमाटी, रशियाच्या मदतीनं बरौनी आणि कोयली अशा सरकारी रिफायनऱ्या उभ्या राहिल्या. सोव्हिएत जहाजानं खंबातच्या आखातापासून आपल्या किनाऱ्यापर्यंत समुद्रतळाखालच्या तेलाचा कंपनलहरींनी शोध घेतला, जपानमध्ये बांधलेल्या ‘सागर सम्राट’नं १९७४ च्या फेब्रुवारीत मुंबई हायला तेल काढलं. त्याच वर्षी एस्सोचं आणि १९७६ मध्ये बर्मा-शेलचं राष्ट्रीयीकरण झालं. रशियन तज्ज्ञ, जपानी जहाज, आपली माणसं. यात कुंपणावर कोण बसलं होतं? २०२२ मध्ये रशियन तेल घ्यायचं की नाही, हा प्रश्न निदान दिल्लीत चर्चेला येऊ शकला, याचं मूळ १९६० च्या त्या अपमानात आहे.

आता १९६२. पराभव झाला तो सीमेवर थंडीचे कपडे आणि दारूगोळा नसताना चौक्या पुढे सरकवत नेल्यामुळे, गुप्तवार्ता आणि सेनापतींचे इशारे बाजूला सारल्यामुळे. कुठल्या गटात नव्हतो म्हणून नाही. १९ नोव्हेंबरला नेहरूंनी केनेडींना लिहिलेली पत्रं वाचताना आजही मन खिन्न होतं, हे खरं. पण त्याआधीच, अलिप्त असूनही, अमेरिकेची शस्त्रं विमानांनी यायला लागली होती. आणि जो देश तुमच्या सल्ल्यानं वागला होता, त्याचं काय झालं? पाकिस्तान १९५४ मध्ये सीटोत आणि १९५५ मध्ये बगदाद करारात, म्हणजे अमेरिकेच्या पाठबळावरच्या दोन लष्करी गटांत गेला. १९६५ चं युद्ध पेटल्यावर अमेरिकेनं शस्त्रपुरवठा दोघांचाही थांबवला, करारबद्ध मित्राचाही. १९७१ मध्ये अमेरिकेचं विमानवाहू जहाज ‘एंटरप्राइज’ बंगालच्या उपसागरात आलं, पण १६ डिसेंबरला ढाका पडायचं ते पडलंच.

१९७१ च्या ऑगस्टमध्ये आपण सोव्हिएत युनियनशी करार केला, तेव्हा आपणही बाजू घेतलीच की, असं तुम्ही म्हणाल. घेतली. समोर चीन, पाकिस्तान आणि अमेरिका एकत्र येत होते, बांगलादेशातून लाखो निर्वासित येत होते. पण करारानंतरही सोव्हिएत नौदलाला इथे तळ मिळाला नाही, आणि सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह ज्या आशियाई सामूहिक सुरक्षा योजनेसाठी धडपडत होते, तिला इंदिरा गांधींनी होकार दिला नाही. गरजेपुरतं जवळ जायचं आणि किल्ल्या आपल्याकडे ठेवायच्या, ही रीत मला मोलाची वाटते.

ही रीत दरवेळी जमली असं मात्र नाही. १९६५-६६ च्या दुष्काळात आपण अमेरिकन गव्हावर जगत होतो आणि व्हिएतनाम युद्धावर बोलल्याबद्दल अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन एकेक महिन्याचं धान्य मोजून सोडत होते. १९९१ च्या जानेवारीत आखाती युद्धासाठी निघालेली अमेरिकी लष्करी विमानं मुंबईच्या विमानतळावर इंधन भरत होती. तेव्हा चंद्रशेखर पंतप्रधान होते, देशाची गंगाजळी आटली होती, आणि त्याच महिन्यात नाणेनिधीकडून आपल्याला कर्ज मिळालं. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं याच शहरातून विमानानं परदेशी गहाण गेलं. रिकाम्या खिशानं अलिप्त राहता येत नाही. संसदेत त्या इंधनावरून गदारोळ झाला, पण मिंधेपणा विमानतळावर आला नव्हता, तो आधीच तिजोरीत शिरला होता.

तारापूरबद्दल जरा थांबून सांगते, कारण मला वाटतं या विषयावरचा सगळ्यात चांगला धडा पालघरच्या त्या किनाऱ्यावर आहे. १९६३ मध्ये अमेरिकेशी करार झाला, जनरल इलेक्ट्रिकनं दोन अणुभट्ट्या बांधल्या, १९६९ मध्ये वीज सुरू झाली. त्यांना लागणारं समृद्ध, म्हणजे खास प्रक्रिया केलेलं युरेनियम तीस वर्षं अमेरिकाच देणार होती, दुसऱ्या कुणाकडून घ्यायचं नाही असं ठरलं होतं. मे १९७४ मध्ये पोखरणचा स्फोट झाला. १९७८ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं अण्वस्त्रप्रसार रोखण्यासाठी नवा कायदा केला आणि सही-शिक्क्याचा करार असूनही पुरवठा अडला. म्हणजे एका लोकशाही मित्रदेशाशी केलेला लेखी करार त्यांच्या संसदेतल्या एका मतदानानं कोलमडला. त्यात त्यांची दुष्ट बुद्धी होती असं मी म्हणत नाही, त्यांच्या देशाचं हित त्यांना तसं दिसलं. पुढे १९८३ पासून फ्रान्सनं इंधन दिलं. ते थांबल्यावर १९९५ मध्ये चीननं दिलं, हो, चीननं. मग २००१ मध्ये रशियानं, अमेरिकेची नाराजी पत्करून. मधल्या काळात ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी युरेनियम आणि प्लुटोनियम मिसळलेलं मिश्र ऑक्साइड इंधन बनवून त्याच भट्ट्यांत वापरलं.

पण खरा धडा पुढचा आहे. समृद्ध युरेनियमवर चालणारी भट्टी घेतली की दोरी विकणाऱ्याच्या हातात जाते, हे होमी भाभांच्या पिढीला आधीपासून कळत होतं, म्हणून आपल्या बहुतेक भट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या आहेत. तारापूरच्याच आवारात २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या आणि चौथ्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या भट्ट्या आपल्या आराखड्यानं बांधलेल्या आहेत. आणि २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांनी आपल्याला अणुव्यापाराची सूट दिली, ती अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही न करता. ज्यांनी इंधन तोडलं त्यांनीच पुढे होऊन दार उघडून दिलं. हे तीस वर्षांच्या चिकाटीचं फळ होतं. १९७४ नंतर लगेच शरणागती पत्करली असती तर ते दार उघडायचं कारणच उरलं नसतं.

जपान-कोरियाचं उदाहरण तुम्ही मनापासून दिलंत, पण त्या छत्राची दांडी कुठे रोवली आहे तेही पाहायला हवं. जपानला ते पराभवानंतर मिळालं. १९५२ पर्यंत तो परकी ताब्यात होता. आजही तिथे पन्नास हजारांच्या आसपास अमेरिकी सैनिक आहेत, ओकिनावाचे लोक वर्षानुवर्षं त्याविरुद्ध लढताहेत. कोरियात २८,५०० आहेत. उद्या उरणला परक्या सैन्याचा तळ आणि त्यातल्या सैनिकांना वेगळा कायदा, हे लोकसभेत कुठला पक्ष मांडेल? आणि मुळात तसं छत्र आपल्याला कुणी देऊ केलेलं नाही. फिलिपिन्सकडे १९५१ पासून अमेरिकेचा संरक्षण करार आहे; २०१२ मध्ये दक्षिण चीन समुद्रातलं स्कारबरो शोल हे प्रवाळबेट चीननं त्यांच्या हातून काढून घेतलं तेव्हा करार कागदावर राहिला. लडाखच्या गलवानमध्ये जून २०२० ला चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले २० जवान गेले. माहिती, कपडे, सामान, याबाबतीत मित्रांनी मदत केली आणि ती घ्यायलाच हवी. पण त्या उंचीवर आपल्यासाठी दुसरं कुणी उभं राहणार नव्हतं, करार असता तरी नाही.

माझी खरी काळजी वेगळ्याच ठिकाणी आहे आणि ती तुमच्या काळजीपेक्षा मोठी असावी. २०२४-२५ मध्ये चीनशी आपली व्यापारी तूट ९९ अब्ज डॉलरवर गेली. चीननं दुर्मिळ खनिजांचे चुंबक अडवले आणि पुण्याकडच्या इलेक्ट्रिक दुचाकी बनवणाऱ्यांचे हात थांबले. अमेरिकेशी आपण ताठ बोलतो याचं कौतुक करताना बीजिंगच्या हाती गेलेल्या या दोरीकडे आपलं दुर्लक्ष होतं. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या विशाखापट्टणम वर्गाच्या विनाशिका बघा. बांधणी आपली, ब्राह्मोस क्षेपणास्त्रं रशियाबरोबर बनवलेली, रडार इस्रायलचं, आणि जहाज चालवणारी गॅस टर्बाइन युक्रेनची. २०२२ मध्ये यातले दोन देश एकमेकांवर तुटून पडले. तेजस विमानासाठी २०२१ मध्ये मागवलेलं अमेरिकी इंजिन २०२५ च्या मार्चमध्ये यायला सुरुवात झाली. सांगाडा आपल्याला जमतो, काळीज परक्याकडून येतं. संशोधनावर आपण राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या आसपास. कोरियाकडून शिकायचं तर ते हे आहे. स्वायत्ततेची भाषणं देणारं प्रत्येक सरकार, मग ते कुठल्याही पक्षाचं असो, या एका आकड्यावर मला तपासायचं आहे.

युक्रेनबद्दल तुमचं बोलणं मला लागलं, कारण त्यात तथ्य आहे. २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ देशांनी रशियाच्या विरोधात मत दिलं, आपण ३५ तटस्थांत होतो. त्या आठवड्यात आपली हजारो मुलं, महाराष्ट्रातलीही कितीतरी, खारकीव-सुमीच्या तळघरांत अडकली होती आणि दोन्ही राजधान्यांत आपला फोन उचलला जाणं गरजेचं होतं. त्या दिवसाचं तटस्थ मत मी समजू शकते. पण मत न देणं वेगळं आणि चुकीला चूक न म्हणणं वेगळं. केनियाचे राजदूत मार्टिन किमानी त्याआधीच सुरक्षा परिषदेत उभे राहून म्हणाले की आफ्रिकेच्या सीमाही साम्राज्यांनीच आखल्या, तरी त्या बळानं बदलायच्या नाहीत असं आम्ही ठरवलं. केनिया आपल्यापेक्षा किती लहान! समरकंदला सप्टेंबरमध्ये पंतप्रधानांनी पुतिन यांना तोंडावर सांगितलं की हा काळ युद्धाचा नाही, आणि त्यामुळे तेलाचा एकही टँकर अडला नाही. बोलता येत होतं, म्हणजे आधीही आलं असतं. आपली ही खोड जुनी आहे: १९५६ मध्ये ब्रिटन-फ्रान्सच्या सुएझवरच्या हल्ल्यावर गरजलो आणि हंगेरीतल्या सोव्हिएत कारवाईवर अडखळलो, १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात सोव्हिएत रणगाडे शिरले तरी निषेधाचा शब्द निघेना. तेव्हा नाशिकच्या तुरुंगात समाजवादाचे धडे गिरवलेले अशोक मेहता केंद्रीय मंत्रिपद सोडून बाहेर पडले. स्वायत्तता मानणाऱ्यांच्या परंपरेत मी त्यांनाही धरते.

आता तैवान. तुम्हाला सरळ उत्तर हवं आहे, ते असं. भारतानं सैन्य पाठवू नये. ३,४८८ किलोमीटरची सीमा चीनसमोर धरून ठेवणं हेच आपलं काम आहे आणि ते लहान नाही. २०१६ च्या करारानं अमेरिकी जहाजांना इंधन आणि रसद देण्याची सोय आहे, ती बंधनकारक नाही, प्रत्येक वेळी आपण ठरवायचं आहे. माझगाव डॉकचाही २०२३ पासून त्यांच्या नौदलाशी जहाजदुरुस्तीचा करार आहे. माझ्या मते इंधन द्यावं आणि दुरुस्तीही करावी, आणि चीननं व्यापार रोखला तर सहा महिने कारखाने चालतील एवढा साठा आणि पर्यायी पुरवठादार आजपासून जमवावेत. तसं करणार आहोत हे बीजिंगला आधीच, दाराआड सांगून ठेवावं. संयुक्त राष्ट्रांत मात्र आक्रमकाचं नाव घेऊन मत द्यावं. त्या दिवशी भारत पुन्हा तटस्थ राहिला, तर याच जागी मी त्याच्याविरुद्ध लिहीन, आणि तेव्हा तुमच्या आत्ताच्या प्रतिक्रियेतला युक्रेनचा परिच्छेद तुमची परवानगी घेऊन जसाच्या तसा छापेन.